सुटा भाग

यंत्र थांबते ते बहुधा सबंध मोडून नव्हे, तर एका लहानशा तुकड्यापायी. शिलाईयंत्र टेबलावर धडधाकट उभे असते, मोटर फिरत असते, कापड बेतून तयार असते. आणि करंगळीच्या नखाएवढा एक स्क्रू निसटल्यामुळे सारे काम खोळंबते. ज्या घरची चूल या यंत्रावर पेटते त्या घरात ही गोष्ट लहान राहत नाही. शाळा उघडण्याच्या आधीचे दिवस आणि लग्नसराई हीच शिवणकामाची सुगी होय. त्या दिवसांत यंत्र आठवडाभर बंद राहिले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जाते, आणि गेलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. यास्तव यंत्राचा सुटा भाग कसा शोधावा, न मिळाल्यास कोणता करवून घ्यावा आणि कोणता मुळीच करवून घेऊ नये, याविषयी चार गोष्टी सांगण्याचे आज आम्ही योजिले आहे.

त्यासाठी वाचकांस आम्ही थोडे दूर, हैदराबादेतील गौलीगुडा या भागात नेतो. मुसी नदीच्या उत्तर तीरावरील ही जुनी वस्ती. नाव गवळ्यांचे, परंतु तिची पुढची ओळख चाकांशी व यंत्रांशी जडली. 1956 साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादेशीच बांधलेले होते. त्यामुळे कचेरीच्या, शिक्षणाच्या व व्यापाराच्या कामासाठी मराठी माणसांची पावले या बाजूस नित्य वळत. जवळच जांबागेत मराठी मंडळींनी उभारलेली विवेकवर्धिनी ही शतकाहून जुनी शिक्षणसंस्था आहे. 1932 साली निजामाच्या रेल्वेने 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. त्या गाड्या स्कॉटलंडमधील आल्बियन कंपनीच्या बनावटीच्या होत्या. पुढे कित्येक वर्षे गौलीगुड्यातील लोखंडी कमानीच्या प्रचंड छपराखाली बसस्थानक नांदले. 1994 साली मुख्य स्थानक जवळच्या इमलीबनात गेले आणि 5 जुलै 2018 रोजी ते जुने छप्पर कोसळले.

आता बसगाडीचा आणि शिलाईयंत्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की आल्बियन गाड्या ज्या क्लाइड नदीकाठच्या प्रदेशात तयार होत, तेथेच, क्लाइडबँक या गावी, सिंगर कंपनीचा जगप्रसिद्ध शिलाईयंत्रांचा कारखाना होता. नमुन्याच्या आकड्यापुढे ‘के’ हे अक्षर असलेली जुनी सिंगर यंत्रे त्याच कारखान्याची. तो 1980 साली कायमचा बंद झाला. चार दशकांहून अधिक काळ लोटला, तरी तेथील यंत्रे आपल्या देशातील शिंप्यांच्या व चर्मकारांच्या दुकानांत अद्याप टाके घालीत आहेत. कारखाना गेला आणि यंत्र राहिले, हे कसे घडले? ज्या यंत्राचा लहानसा तुकडा दुसरा कोणी करून देऊ शकतो, ते यंत्र आपल्या कारखान्याहूनही दीर्घायुषी ठरते, हेच त्याचे उत्तर होय.

हे सामर्थ्य मात्र यंत्राच्या अंगी जन्मतः नव्हते. सिंगरची 1850 नंतरच्या दशकातील यंत्रे कारागीर कानस मारून एकेक जुळवीत. एका यंत्राचा भाग दुसऱ्यात बसेलच याची शाश्वती नसे. पुढे मोजमापे इतकी काटेकोर झाली, की एकाच नमुन्याचे हजारो तुकडे एकमेकांसारखे निघू लागले. मूळ पेटंटांची मुदत सरल्यावर त्याच धर्तीची यंत्रे इतर देशांनीही केली. जपान आणि चीन यांनी कारखान्यांसाठी लागणारी वेगवान यंत्रे घडविली. आपल्याकडे पंजाबातील लुधियाना हे शिलाईयंत्रांचे व त्यांच्या भागांचे मोठे केंद्र झाले. म्हणूनच साध्या सरळ टाक्याच्या यंत्राचा बहुतेक प्रत्येक भाग आज बाजारात मिळतो. काज करण्याच्या, बटण लावण्याच्या किंवा एखाद्याच कारखान्याने केलेल्या विशेष यंत्राची गोष्ट निराळी. त्याचा भाग शोधताना जोडे झिजतात.

शोधाची पहिली पायरी घरीच चढावयाची असते. पुष्कळदा भाग मोडलेला नसतोच, तो केवळ जागेवरून हललेला असतो. सुई तळाशी जाऊन सुमारे 2 मिलिमीटर वर उचलली गेली, की त्याच क्षणी खालच्या हुकाचे टोक तिच्यापाशी येऊन दोऱ्याचा फास पकडते. सुई जाड शिवणीवर आदळली, तर ही वेळ चुकते आणि टाके सुटू लागतात. घरची माणसे समजतात, हूक गेला. वस्तुतः दोन स्क्रू सैल करून हूक पुन्हा जुळविला की काम भागते. दुसरे कारण सुईचे. घरगुती यंत्राच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो. कारखानी सरळ टाक्याच्या यंत्राची सुई गोल दांड्याची असते आणि तिच्या पाकिटावर डीबी गुणिले 1 असा क्रमांक असतो. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. तिसरे कारण तेलाचे. मिनिटाला पाच हजारांच्या आसपास टाके घालणाऱ्या यंत्रात खोबरेल ओतणे म्हणजे त्याच्या सांध्यांत डिंक भरणे होय. त्यास शिलाईयंत्राचे पातळ पांढरे तेलच हवे.

एवढे पाहूनही भाग बदलणेच प्राप्त झाले, तर पेठेत रिकाम्या हाती जाऊ नये. मोडलेल्या भागाचे सगळे तुकडे एका फडक्यात बांधून न्यावेत. यंत्रावरील पट्टीचा नमुना-क्रमांक जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्यावा. सुट्या भागावरही पुष्कळदा बारीक आकडे कोरलेले असतात. ते पुसून, भिंगाखाली वाचावेत. कापड पुढे सरकविणारी दात्यांची पट्टी झिजली असेल, तर ती ज्या प्लेटीतून वर येते ती प्लेटही सोबत न्यावी, कारण ही दोन्ही जोडीने जुळावी लागतात. ‘त्या जाड कापडाच्या यंत्राचा तो वाकडा भाग’ अशा वर्णनावरून चांगला दुकानदारही चुकतो; वस्तू समोर ठेवली तर नवखाही ती ओळखतो.

भाग मिळालाच नाही, तर लेथवाल्या कारागिराकडे जावे लागते. येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. सिंगरच्या परंपरेतील यंत्रांचे स्क्रू आजही इंची मापाचे असतात. त्यांपैकी एक नेहमीचे माप 11/64 इंच व्यासाचे, एका इंचात 40 आटे असलेले. लोखंडी सामानाच्या दुकानातील 4 मिलिमीटरचा स्क्रू डोळ्यांस तसाच दिसतो. परंतु त्याचा व्यास कमी आणि आटे निराळे. तो थोडा ढिला बसतो, थोडा धरतो, आणि शेवटी यंत्राच्या अंगातील भोकाचे आटे खाऊन टाकतो. दहा-वीस रुपयांच्या सोयीपायी यंत्राचे अंगच नासते. म्हणून स्क्रू करवून घेताना जुना स्क्रू नमुन्यादाखल द्यावा आणि नवा प्रथम हातानेच फिरवून पाहावा. पान्याचा जोर लावावा लागला, तर तो परका समजावा.

स्क्रू, नट, बुश, मोटरीची पुली, पायदाबाची दांडी, शिवणीला दिशा देणारी मार्गदर्शक पट्टी, एवढे जाणता टर्नर उत्तम करून देतो. कधी मूळच्याहून टिकाऊ करतो. परंतु सुई, हूक आणि बॉबिनची डबी ही तीन त्याच्याकडून करवून घेऊ नयेत. सुई व हुकाचे टोक यांमधील फट एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. हुकाचे पोलाद विशिष्ट पाणी दिलेले असते आणि त्याचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो. ते काम कारखान्याचेच आहे. आपल्या लेथवर काय होणार नाही हे जो मोकळेपणी सांगतो, तोच कारागीर विश्वासाचा, असे आम्ही समजतो.

1924 साली महात्मा गांधींशी यंत्रांविषयी संवाद चालला असता, सर्वच यंत्रांना आपला विरोध नाही, हे स्पष्ट करण्यासाठी त्यांनी सिंगरच्या शिलाईयंत्राचा दाखला दिला. त्या यंत्रामागे पत्नीचे कष्ट हलके करण्याचा जिव्हाळा त्यांस दिसला. तेव्हा समोरच्याने सरळ विचारले, की मग ही यंत्रे करण्यास कारखाना लागेलच ना? गांधीजींनी ते मान्य केले आणि असे कारखाने राष्ट्राच्या ताब्यात असावेत, असे सांगितले. तो प्रश्न आजही जुना झालेला नाही. माउलीच्या मांडीशी उभे असलेले यंत्र स्वावलंबनाचे साधन खरे, पण त्याचा हूक कोणत्या तरी दूरच्या कारखान्यातूनच यावयाचा. स्वावलंबनाचा धागा असा पुष्कळ हातांतून जातो.

नवी यंत्रे तर आणखी परावलंबी होत आहेत. दोरा आपोआप तोडणाऱ्या यंत्रात विजेची पाटी असते. ती जळली, की उत्तम टर्नरही हात टेकतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही उघडले, हे योग्यच झाले. परंतु हक्क बजावण्याची खरी वेळ खरेदीची असते. मुलीला कारखानी यंत्र घेऊन देणाऱ्या आईबापांनी किमतीपाशी न थांबता दोन प्रश्न अधिक विचारावेत: याचे भाग जवळच्या कोणत्या गावी मिळतात? आणि दहा वर्षांनी मिळतील काय? ज्या यंत्राचे हूक व बॉबिनची डबी चार दुकानांत मिळते, ते थोडे कमी दिमाखाचे असले तरी संसारास अधिक उपयोगी पडते. यंत्रासोबत एक जादा डबी, दोन पाकिटे सुया आणि मूठभर खरे स्क्रू तेव्हाच घेऊन डब्यात घालून ठेवावेत. आणि झिजलेला भाग भंगारात न टाकता त्याच डब्यात जपावा. उद्या नवा भाग न मिळाला, तर माप सांगणारा तोच एक साक्षीदार असतो.

शेवटी माणसांविषयी. पेठेतील दुकाने भाग विकतात. पण तो बसवून यंत्राचा आवाज ऐकत जुळवणी करणारा हात एखाद्याच गावात असतो. देशात कारागीर प्रशिक्षण योजना 1950 सालापासून चालू आहे. फिटर व टर्नर हे तिच्यातील जुने व्यवसाय होत. आपल्या गावातील दहा-वीस घरांत शिलाईयंत्रे असतील, तर त्यांतील एका मुलाने किंवा मुलीने हे काम शिकावे. त्या सर्व घरांची सुगी मग एका स्क्रूपायी वाया जाणार नाही.