प्रथिनांचा लेप: चहासाठी नव्हे, वड्यासाठी

खाद्यपदार्थांच्या कागदाला प्लॅस्टिकऐवजी दुधातल्या किंवा मक्यातल्या प्रथिनांचा लेप द्यावा, असं म्हटलं की तीन आक्षेप हमखास येतात. आहे ते अस्तर काय वाईट आहे? माणसाच्या तोंडचा घास कागदाला का चारायचा? आणि प्रथिनं पाण्यापुढे टिकणार कशी?

चहाचा कागदी कप फाडून आतून नख लावा. पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटतो. ते पॉलिइथिलीन नावाचं प्लॅस्टिक. त्याच्यामुळेच साध्या कागद गिरणीला या कपाचा लगदा करणं जड जातं. अशा कपात 100 मिलिलिटर गरम पाणी 15 मिनिटं राहिलं, तर प्लॅस्टिकचे सुमारे 25 हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात, असं आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना आढळलं. याला चांगलं कसं म्हणायचं?

घासाचा आक्षेप चांगल्या दुधाबाबत रास्तच आहे. पण एक किलो चीज केलं की सुमारे नऊ लिटर हिरवट-पिवळं पाणी उरतं. मोठ्या डेअऱ्या त्याची पावडर करतात. लहान कारखान्यांना ते परवडत नाही. हे पाणी ओढ्यात गेलं, तर तिथला प्राणवायू संपून मासे मरतात. त्यातली प्रथिनं कागदावर लावली, तर कुणाचा घास हिरावला जातो?

पाण्याचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. प्रथिनं ओल धरतात आणि दमट हवेत लेप ढिला पडतो. पण चीजच्या पाण्यातली प्रथिनं तापवली की त्यांचे रेणू उलगडून एकमेकांत गुंततात आणि थर पाण्यात सहज विरघळत नाही. मक्यातलं झेइन हे प्रथिन तर मुळातच पाण्यात विरघळत नाही. तरीही उकळता चहा हे या लेपाचं काम नव्हे. त्याला काच किंवा स्टीलच बरं.

या लेपाचं खरं बळ तेल आणि प्राणवायू अडवण्यात आहे. आज गरम वड्याचं तेल वर्तमानपत्राच्या कागदात झिरपतं आणि शाई वड्याला लागते. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) 2023 मध्ये पुन्हा बजावलं. पण विक्रेत्यानं बांधायचं कशात, याचं उत्तर आपण दिलेलं नाही. वडा, भजी, शेव, फरसाण यांच्यासाठी हा लेपाचा कागद तयार व्हायला हवा. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी त्यावर ठळक सूचना हवी आणि वापरलेल्या कागदाचा गिरणीत पुन्हा लगदा होतो, हे उत्पादकानं सिद्ध करायला हवं. पाणी अडवत नाही म्हणून या लेपाला नापास करू नका. तेल अडवायचं काम द्या आणि त्याच कामावर त्याची परीक्षा घ्या.