संशोधन पत्रिकेचा वर्गणीदार

भारत इतिहास संशोधक मंडळाच्या १९१६ च्या चतुर्थ संमेलनवृत्तात लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरनजीकच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातून ती त्यांच्या हाती आली होती. शिवजन्माची तिथी तोवर वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ अशी रूढ होती. शकावलीत मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव ज्यांनी उभा केला, त्यांनीच त्या उत्सवाच्या तिथीला धक्का देणारा कागद विद्वानांपुढे ठेवला, हे विसरता येत नाही. पुढे १९२७ मध्ये प्रकाशित झालेल्या परमानंदकृत शिवभारताने आणि जोधपूरला मिळालेल्या जन्मकुंडलीने या नोंदीस पुष्टी दिली. वाद तरीही कित्येक दशके चालला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक स्वीकारला तो २००१ मध्ये.

एका घराण्याने जपलेला कागद, तो छापणारी विद्वत्संस्था आणि त्यावर साधकबाधक चर्चा करणारे वाचक, या तिघांपैकी एकही नसता तर हे घडले नसते. वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापिलेल्या या मंडळाचे त्रैमासिक काय किंवा इतर संशोधन पत्रिका काय, त्यांचा संसार नेहमीच ओढग्रस्तीचा राहिला आहे. 'विविधज्ञानविस्तार'सारखे सत्तर वर्षांची परंपरा असलेले मासिकही १९३७ मध्ये थांबले.

दुर्दैव असे की, जयंतीच्या फलकांवर हजारो रुपये सहज खर्च करणाऱ्या मंडळांना एखाद्या त्रैमासिकाची वार्षिक वर्गणी मात्र जड वाटते. इतिहासाच्या विकृतीकरणाविरुद्ध तावातावाने बोलणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांच्या घरी संशोधन पत्रिकेचा अंक येतो? संतापाने पुरावा सिद्ध होत नाही. तो शोधावा लागतो, वाचावा लागतो आणि प्रसंगी आपल्या आवडत्या समजुतीच्या विरुद्ध गेला तरी स्वीकारावा लागतो.

लेखनाचा प्रांतही केवळ प्राध्यापकांचा नव्हे. त्यांच्यापैकी अनेकांचे लेखन तर पदोन्नतीच्या गुणांशी बांधले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये आणलेली मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' सूची २०२५ मध्ये गुंडाळली. परंतु गुणांसाठी लिहिण्याची सवय सूचीबरोबर जाईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. उलट, दर रविवारी गडकोट पालथे घालणारा तरुण एखादा अप्रकाशित शिलालेख पाहतो, त्याचे छायाचित्र मित्रांना पाठवतो आणि विषय तेथेच संपतो. त्याच लेखाचे मोजमाप, नेमके स्थान, अक्षरांची स्थिती आणि वाचन यांचे दोन पानी टिपण पत्रिकेकडे गेले, तर ते अभ्यासकांच्या कायमच्या उपयोगी पडते. संपादकाने शंका काढून टिपण परत पाठवले तर त्यात अपमान मानू नये. ती शंका हेच पुढील अभ्यासाचे साधन असते.

आणि वाड्यांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधलेली मोडी दफ्तरे अजूनही आहेत. वाडा पाडून इमारत उभारताना ती रद्दीत जातात. वाटण्या होण्यापूर्वी, घरातील वडीलधारी मंडळी हयात असतानाच, त्या रुमालांची यादी करून ती पत्रिकेच्या संपादकांना कळविण्यास एक दुपार पुरेशी आहे.