पूर ओसरला, झोप परतली नाही

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाची दारे उघडली आणि वैनगंगा ब्रह्मपुरी, सावली, गडचिरोलीकडच्या गावांत शिरली. लाडज तर नदीच्या पात्रातलेच गाव. धानाच्या बांध्या गेल्या, मातीच्या भिंती बसल्या. तलाठी आले, पंचनामे झाले. जुलै २०२२ मध्ये पुन्हा तेच. पण रात्रीची झोप गेली, हे पंचनाम्याच्या कोणत्या रकान्यात लिहायचे?

आपल्या वस्त्यांत हे दुखणे वेगळ्या नावाने वावरते. पाऊस लागला की माय रात्रभर खाटेवर बसून राहते, घडीघडी दारात जाऊन पाणी पाहते. शाळेत जाणारे लेकरू पुन्हा अंथरूण ओले करू लागते. कोणाचे डोके दुखते, कोणाची छाती धडधडते, आणि गोळ्या मात्र अंगदुखीच्या चालू असतात. बापमाणूस झोप यावी म्हणून पितो. त्याला पंचशीलातले पाचवे शील ऐकवून आपण मोकळे होतो. तो का पितो हे विचारत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही रात्री गुपचूप मांत्रिकाकडे जाणारे आहेत. कटू आहे, पण खरे आहे.

पुरानंतर भीती वाटणे हा आजार नव्हे. बहुतेकांची ती काही आठवड्यांत कमी होते. महिना उलटूनही झोप नाही, कामात मन नाही, जगून काय करू असे शब्द तोंडी येतात, तेव्हा डॉक्टर लागतो. आणि "झालं गेलं विसर" असे सांगून कोणी विसरत नाही.

थेरीगाथेतली पटाचारा आठवा. नवरा सर्पदंशाने गेला. एक लेकरू पुराच्या पाण्यात वाहून गेले, दुसरे ससाण्याने नेले. माहेरचे घर वादळात कोसळून आईबाप, भाऊ गेले. ती भान हरपून फिरू लागली तेव्हा लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. तथागतांनी मात्र तिला अडवू दिले नाही, तिचे ऐकून घेतले. पुढे लेकरे गमावलेल्या कितीतरी बाया तिच्याकडेच आल्या.

आमचे म्हणणे एवढेच आहे की पूर आणि वर्षावास एकाच दिवसांत येतात. आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचनाला विहारात महिला जमतातच. आठवड्यातली एक संध्याकाळ पुराबद्दल बोलायला ठेवावी, आशाताईला बोलवावे. उपदेश नको, ऐकणारा माणूस हवा.

शासनाकडेही मागणे आहे. मानसिक आरोग्याचे पथक पुराच्या आठवड्यात येऊन भागत नाही, पुढच्या पावसाळ्यातही यावे. आणि धरणाची दारे उघडण्याआधी गावाला वेळेत खबर मिळावी. खबर मिळत नाही तोवर माय दारात उभी राहणारच. तिला कोणती गोळी देणार?

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते. विहाराच्या फळ्यावर तो खडूने नको, रंगाने लिहा. पावसात खडू पुसला जातो.