विमानाचा भाग आणि खासबागेची साडी

बेळगावहून निपाणीकडे जाताना वाटेत हत्तरगी लागतं. तिथे तयार होणारे विमानांचे सुटे भाग युरोपातल्या एअरबस कंपनीला जातात. त्यांना कमी खर्चात नेमकं काम मिळतं. शिवाय आपल्याकडे कारखाने वाढले की जर्मनी-जपानची सीएनसी यंत्रंही खपतात. म्हणजे आपला भाग वाढला की त्यांना कारागीरही मिळतो आणि गिऱ्हाईकही.

यात वाईट काही नाही. रोजगार आपल्यालाही मिळतो. पण आपल्या खासबागेत मजुरीवर साडी विणणाऱ्याच्या हाती फक्त मजुरी पडते, भाव व्यापारी ठरवतो. विमानाच्या कामातही तसंच व्हायला नको. म्हणून मुलांनो, यंत्र चालवायला शिकाच, पण डिझाइनही शिका. व्हीटीयू तर आपल्याच गावात आहे! तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.