आंबोलीची सहल व उघडलेलें आकाश

श्रावण लागला कीं आमच्या मालवण किनाऱ्यावर मधूनच असें लख्ख ऊन पडतें, कीं परक्यास पाऊस सरलासें वाटावें. तरीहि नारळीपौर्णिमा होईपर्यंत जाणता तांडेल होडी लोटीत नाहीं. आकाश उघडलें तरी समुद्राच्या पोटांतला जोर ओसरलेला नसतो, हें तो जाणतो. समुद्राविषयींचें हें शहाणपण आमच्या अंगीं मुरलेलें आहे. डोंगराविषयीं मात्र आम्ही अगदीं भोळे आहों.

पावसाळ्यांत आंबोलीस जाणाऱ्या सहली पाहाव्या. आठवडाभर पाऊस कोसळलेला असतो, रविवारीं सकाळीं ऊन पडतें, आणि मोटारी भरभरून मंडळी घाटांतील धबधब्याखालीं येऊन उभी राहते. ज्या कड्यानें आठवडाभर पाणी पोटांत घेतलें, त्याच्याच पायथ्याशीं! वर्षाकाठीं सुमारें ७०० सेंटीमीटर पावसाचें तें ठिकाण. आमचें स्पष्ट मत असें कीं, अशा सहलीचा दिवस त्या सकाळच्या आकाशावरून न ठरवितां मागील तीन-चार दिवसांच्या पावसावरून ठरवावा.

बर्फाळ मुलखांतील जाणते लोक असाच विचार करितात. डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. त्याचे थरांवर थर साचतात. थंड, निरभ्र रात्रीं पृष्ठभागावर साखरेच्या दाण्यांसारखे ठिसूळ स्फटिक बनतात, व त्यांवर पुढील हिमवृष्टीचा जड थर येऊन बसतो. वरून सारें शुभ्र व शांत दिसतें. पण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाचें वजन पडलें, तरी ती वरची लादी सुटूं शकते. पायांस पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची हौस असणारे जेव्हां हिमकड्याखालीं सांपडतात, तेव्हां तो कडा बहुधा त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनींच सोडविलेला असतो. हिमवृष्टीनंतरचा पहिला उन्हाचा दिवस मोहक खरा, पण फार घातक. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं काश्मिरांत गुलमर्गजवळ अफरवतच्या उतारावर दोन पोलिश प्रवासी हिमकड्याखालीं मरण पावले. गाडल्या गेलेल्यास पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढलें तर आशा. पुढें ती झपाट्यानें सरते.

३ फेब्रुवारी २०१६ रोजीं सियाचिन येथें असेच दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यांतील एक होता. पण सैनिकास दिवस निवडण्याची मुभा नसते. सहलीस जाणाऱ्यास ती असते.

सह्याद्रींत बर्फ नाहीं, पण थर आहेत. खालीं काळा कातळ, वर जांभा, मुरूम व माती. पाणी मुरत गेलें कीं माती जड होते आणि कातळावरची तिची पकड ढिली पडते. पाणी आंत उतरण्यास वेळ लागतो, म्हणून पाऊस थांबल्यावरहि दरड येऊं शकते. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगर आला. दीडशेंहून अधिक माणसें गेलीं, आणि गांव जागेवर नाहीं हें एस. टी.च्या चालकानें पाहिलें तेव्हां जगास कळलें. २२ जुलै २०२१ रोजीं महाडजवळ तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इरशाळवाडी. तीं माणसें स्वतःच्या घरांत होतीं. त्यांच्याविषयीं बोलतांना जपून बोललें पाहिजे. हौसेनें कड्याखालीं जाणाऱ्यांस मात्र चार शब्द सांगण्याचा हक्क आम्ही घेतों.

शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक असावा, विद्यार्थ्यांनीं त्याची रोज नोंद ठेवावी. हें शिक्षण उत्तम. परंतु मालवणचा पाऊस म्हणजे आंबोलीचा पाऊस नव्हे. म्हणून सहलीपूर्वी हवामानखात्याचा इशारा वाचावा, व त्याहून अगत्यानें घाटांतल्या एखाद्या रहिवाशास दूरध्वनि करावा. झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें काय, रस्त्यास नवी भेग पडली काय, उतारावरचीं झाडें कललीं काय, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

मुलांचा हिरमोड होतो, गाडीचें आगाऊ भाडें बुडतें, ह्या अडचणी खऱ्या आहेत. पहिलीवर आमच्यापाशीं औषध नाहीं. दुसरीसाठीं भाडें ठरवितांनाच दिवस बदलण्याची अट घालून घ्यावी. आश्विनांतील तारीख देण्यास मोटारवाले नाहीं म्हणतील, असें वाटत नाहीं. तेव्हां धबधबा थोडा रोडावलेला असतो, इतकेंच.