नदीवर हक्क मागतो, मग डोहात पावडर कोण टाकतो?



मागच्या अंकात सामूहिक दाव्याचा फॉर्म कसा भरायचा ते आम्ही लिहिलं होतं. त्यात मासे आणि पाण्याच्या ठिकाणांचा रकाना आहे. बहुतेक पाड्यांनी तो भरला. नदीचं नाव लिहिलं, डोहांची नावं लिहिली, म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडले. काम चांगलं झालं. पण या उन्हाळ्यात जे घडलं ते झाकून ठेवलं तर आम्ही तुमच्याशी खोटं वागलो असं होईल.

चैताच्या शेवटी आपल्या एका पाड्याखालच्या डोहात रात्री कोणी तरी टीसीएल पावडर टाकली. विहिरीत टाकायची असते तीच. सकाळी बाया पाण्याला गेल्या तर पाण्याला वास मारत होता आणि काठाला मासे उलटे पडले होते. मळ्या, शिंगटी, वाम, बोटाएवढी पिल्लं, खेकडे, बेडूकसुद्धा. मोठे होते ते टाकणाऱ्यांनी उचलून नेले. बाकीचे तिथंच सडले. बायांना आठ दिवस लांबच्या झऱ्यावरून हंडे आणावे लागले. पाड्याचं नाव आम्ही लिहीत नाही, कारण हे एकाच पाड्याचं दुखणं नाही. आणि टाकणारी पोरं परकी नव्हती. मोर्च्यात आपल्या रांगेत चालणारी पोरं होती.

नंतर दाव्याच्या पाहणीला आलेल्या वनखात्याच्या माणसानं हेच आपल्या तोंडावर फेकलं, “नदीत विष टाकता आणि नदीवर हक्क मागता?” आम्हाला राग आला. उलट बोलण्यासारखं आपल्याकडे खूप आहे. तानसा १८९२ साली बांधलं, मोडकसागर १९५७ साली बांधलं, पाणी मुंबईला गेलं. सूर्येवर धामणीचं धरण झालं. भिंत आडवी आली की मासा वर चढत नाही. ठेकेदारांनी कोळशासाठी जंगल साफ केलं, माती वाहून आली, डोह बुजले. हे आपण विसरलेलो नाही आणि ती लढाई सोडणारही नाही. पण धरण बांधणाऱ्याची चूक मोठी, म्हणून आपली चूक चूक राहत नाही असं नाही. त्या डोहाचं उत्तर त्या दिवशी आपल्याकडे नव्हतं.

काही जण म्हणतात, विष तर आपले बापजादेही घालायचे. खरं आहे. गेळाची फळं, कुंभ्याची साल, रामेठा, शेराचा चीक. त्यानंही पिल्लं मरायची, खोटं कशाला बोला. पण म्हाताऱ्या माणसांना नीट विचारा. उन्हाळ्यात पाणी तुटलं की एखाद्याच डोहात, तेही सगळा पाडा मिळून करायचा. साल कुटायला दहा माणसं लागायची. जे मिळेल त्याचे घरटी वाटे पडायचे. रात्री एकट्यानं जाऊन करण्याचं ते काम नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचं, म्हणून त्याला आपोआप मर्यादा होती. आता पुडी खिशात मावते. एक माणूस एका रात्रीत सगळ्या पाड्याचा डोह मारतो आणि मासे बाजाराला नेतो. ही आपली रीत नाही. आपल्या रीतीचं नाव घेऊन केलेली चोरी आहे.

पावडरीनं माशाचे कल्ले जळतात, तो पाण्यात असून गुदमरतो. शेतावर फवारायचं औषध याहून वाईट. ते माशातही उतरतं आणि तोच मासा आपण पोरांना खाऊ घालतो. जिलेटिनची कांडी फोडली की माशाच्या पोटातला फुगा फुटतो. कितीतरी मासे तळाला जातात, हातालाही लागत नाहीत. तारेवर आकडा टाकून करंट सोडणारे तर माशाबरोबर माणूसही मारतील. गळ टाकणारा बसून एक एक मासा काढतो, नको तो सोडू शकतो. विषाला लहान-मोठा कळत नाही.

पण गळवाल्यांनी, जाळंवाल्यांनीही एक गोष्ट ऐकावी. पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात. ओहोळातून, शेतातून वर येतात ते आपल्यासाठी नाही, अंडी घालायला येतात. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. पूर्वी आपण ओहोळाला सापळा लावायचो पण पाण्याला एका बाजूनं वाट असायची. आता मच्छरदाणीचं कापड या काठापासून त्या काठापर्यंत बांधतात. त्यातून काडीसुद्धा जात नाही. मग भादव्यात म्हणायचं, नदीत मासा राहिला नाही. समुद्रावरचे कोळी बघा. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, नारळी पुनवेला नारळ देऊन मग समुद्रात जातात. महाडकडे वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, तिथं मोठाले मासे फिरताना दिसतात. राखलं तर राहतं.

आणि हे कोणाच्या ताटातलं आहे तेही बघा. १९९२ साली वावर-वांगणीत पोरं भुकेनं गेली, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. अंगणवाडीतली खिचडी कधी येते, कधी येत नाही. नदीतला मासा, खेकडा मात्र कोणाच्या सहीशिवाय पोराच्या तोंडात जातो. डोह मारणारा त्या पोराचं ताट उलटं करतो.

आता कायद्याचं. १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ काढून वाचा. राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणं, मासे मारणं, पाण्यात विष टाकणं, फास लावणं, सगळं एकाच ओळीत गुन्हा म्हणून लिहिलंय. सरकारच्या लेखी गळ घेऊन बसलेली म्हातारी आणि डोहात विष टाकणारा एका रांगेत. २००६ च्या कायद्यानं ती रांग तोडली. कलम ३ मध्ये मासे आणि पाण्यातल्या उपजावर आपला सामूहिक हक्क लिहिला. आणि कलम ५ मध्ये पाण्याची ठिकाणं राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला. कलम ३ आपण मोर्च्यात ओरडून सांगतो. कलम ५ कोणाच्या तोंडात नाही. ते आपण वापरलं नाही तर खातं पुन्हा सगळ्यांना त्या जुन्या ओळीत उभं करील, आणि पुरावा म्हणून आपलाच मेलेला डोह दाखवील.

म्हणून पाऊस लागायच्या आत प्रत्येक पाड्यानं ग्रामसभा घ्यावी. आमचं म्हणणं असं:

१. टीसीएल, फवारणीचं औषध, जिलेटिन, करंट पूर्ण बंद. ग्रामपंचायतीच्या पावडरीचा हिशेब ग्रामसभेत मागा. डबा कुलपात ठेवा.

२. चढणीच्या दिवसांत ओहोळ पूर्ण बांधायचा नाही. निम्मी वाट मोकळी ठेवायची. मच्छरदाणीचं कापड बंद.

३. प्रत्येक पाड्यानं एक डोह ठरवून राखायचा. तिथं वर्षभर गळही टाकायचा नाही.

४. घरच्या खाण्यापुरत्या गळाला, हातजाळ्याला मनाई नाही. कातकरी भाऊ-बहिणी नदीवरच पोट भरतात. त्यांना सभेला बोलवा, आधी त्यांचं ऐका. ज्याच्या घरात भाताची कणगी आहे त्यानं नियम करायचे आणि ज्याच्याकडे गळाशिवाय काही नाही त्यानं ते पाळायचे, असं झालं तर तो सावकारी कायदा होईल.

५. कोणी नियम मोडला तर पहिल्यांदा पोलिसांत जायचं नाही. सभेत उभं करायचं, सगळ्यांसमोर विचारायचं. दंड सभा ठरवेल. बाहेरून जीप घेऊन येणाऱ्यांना मात्र सगळ्या पाड्यानं मिळून अडवायचं आणि लेखी तक्रार करायची. मासेमारी कायद्यानंही सुरुंग आणि विष हा गुन्हाच आहे.

त्या पाड्यावर काय झालं तेही सांगतो. पोरांना सभेत बोलावलं. आधी मान खाली घालून बसली, मग एकानं कबूल केलं. कोणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. बायांनी एवढंच ठरवलं, पाण्याचा त्रास आम्ही काढला, आता या पावसाळ्यात चढणीच्या वेळी ओहोळावर राखण पोरांनी करायची. पोरं कबूल झाली. ती खरंच रात्री पावसात जाऊन बसतात का ते बघायला आम्हीही जाणार आहोत. आणि तुमच्या पाड्याचा ठराव झाला की त्याची नक्कल आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात सगळे ठराव छापू. पुढच्या पाहणीला तेच कागद पुढे ठेवू.

जंगल-जमीन-पाणी आमचं! ते राखायचंही आम्हीच! जिंदाबाद!