परगृहींचा नियम

आमचे एक तरुण स्नेही मातापित्यांसह मालदीव बेटांवर गेले होते. सायंकाळीं बाहेर जेवावयास जातांना जवळ असावी म्हणून द्राक्षमद्याची एक बाटली त्यांनीं बरोबर नेली. विमानतळावर जकात-अधिकाऱ्यांनीं ती ठेवून घेतली व पावती दिली. स्नेही संतापले. "पैसा आमचा, बाटली आमची!" पहिल्या रात्रीं त्यांच्या रुसव्यापुढें आईवडील मुकाट्यानें जेवले.

युरोप-अमेरिकेंत पुष्कळ उपाहारगृहें ग्राहकानें आणलेली बाटली बूच उघडण्याचें शुल्क घेऊन वाढतात, हें खरें. परंतु मालदीव हें इस्लामी राष्ट्र. तेथें प्रवाशांस मद्य आणण्याची मनाई आहे. परवाना असलेल्या पर्यटन-बेटांवर तें विकत मिळतें, लोकवस्तीच्या गांवांत मिळत नाहीं. यांत कोणास दुटप्पीपणा दिसेल. आम्हांस स्वतःच्या घराची राखण दिसते. आपल्या स्वयंपाकघरांत कोणी जोड्यांसह शिरूं लागला, तर त्या जोड्यांची किंमत आपण विचारतों काय?

निघण्यापूर्वीं यजमानाची रीत विचारून घ्यावी, हेंच शहाणपण. परततांना स्नेह्यांस बाटली मिळाली; आईवडिलांबरोबरची ती संध्याकाळ मात्र पावती दाखवून मिळण्यासारखी नव्हती.